शक्तिगुणक

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मंडलात प्रत्यक्ष कामी येणारी सरासरी शक्ती आणि दाब (व्होल्टेज) व प्रवाह यांच्या वर्गमाध्यमूळ (आरएमएस) मूल्यांचा गुणाकार, म्हणजे आभासी शक्ती, यांचे गुणोत्तर. शक्तिगुणांक असेही लिहितात. बेळगाव भागातील कारखान्यांत सर्रास ‘पीएफ’ (पॉवर फॅक्टर).

वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर तो डोळ्यांनी पाहता येतो. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, मोटार फिरतच राहते. वॅट झपाट्याने उतरतात, अँपिअर मात्र त्या मानाने थोडेच. उरलेला प्रवाह मोटारीचे चुंबकीय क्षेत्र उभे करतो. त्याची ऊर्जा तारांतून नुसती ये-जा करते. अशा रिकाम्या मोटारीचा शक्तिगुणक बहुधा 0.2 ते 0.3 असतो.

दाब-प्रवाहातील कलांतरामुळे, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या मागे पडल्यामुळे, शक्ती घटते, हे रोहित्रांच्या संदर्भात 1885 च्या सुमारास तुरिनच्या गालिलेओ फेर्रारिस यांनी मांडले. त्यातून रूढ झालेले ‘कलांतराची कोज्या’ (कोसाइन) हे सूत्र फक्त शुद्ध ज्या-तरंगांना (साइन वेव्ह) लागू पडते, आणि पाठ्यपुस्तके नेमके तेच सांगायचे विसरतात. उद्यमबागेतील फाउंड्र्यांच्या प्रवर्तन (इंडक्शन) भट्ट्या एकदिशकारकामार्फत (रेक्टिफायर) प्रवाह घेतात, त्यामुळे प्रवाहाचा तरंग विकृत होतो. सहा स्पंदांच्या आदर्श एकदिशकारकात कलांतर शून्य असले तरी शक्तिगुणक सुमारे 0.955 च राहतो. विकृत तरंगांतील प्रतिक्रियात्मक शक्तीची, म्हणजे काम न करता ये-जा करणाऱ्या शक्तीची, व्याख्या रुमानियाचे बुदेआनू यांनी 1927 मध्ये केली. पोलंडचे फ्रिझे यांनी 1932 मध्ये तरंगांचे पृथक्करण न करता प्रवाहच सक्रिय (प्रत्यक्ष काम करणारा) व उर्वरित असा विभागला. बुदेआनूंची राशी शून्यावर आणली तरी आभासी शक्ती घटेलच असे नाही, हे विद्युत अभियंते चार्नेत्स्की यांनी 1987 मध्ये दाखवले. त्यामुळे फ्रिझेंची वाट अधिक भरवशाची वाटते.

कलांतराची उणीव कपॅसिटरने भरून निघते. 415 व्होल्टवर त्रिकला 10 किलोवॅट भार 0.7 ला सुमारे 19.9 अँपिअर घेतो, 0.95 ला 14.6, तारेतील उष्णताव्यय जवळजवळ निम्म्यावर येतो. तरंग विकृत करणारे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले तरंग) मात्र कपॅसिटरने जात नाहीत, उलट अनुस्पंदनाने (रेझोनन्स) वाढू शकतात. भट्टीसाठी गाळणीमंडल (फिल्टर) लागते. चिकोडी-निपाणीकडील उसाच्या पंपांना कपॅसिटर मोटारीपाशीच जोडणे हिताचे, कारण त्याच्या पुरवठ्याकडची सगळी लाईन हलकी होते. कपॅसिटर मोटारीच्या चुंबकन-गरजेहून मोठा असू नये. नाहीतर स्विच बंद केल्यावरही फिरत्या मोटारीच्या अग्रांवर दाब राहतो.