ब्लोअर बंद पडणे (घरगुती एसी)

एसीच्या खोलीतल्या भागातील पंखा, म्हणजे ब्लोअर, न फिरल्यामुळे गार हवा येणे थांबते तो बिघाड. स्प्लिट एसीत हा पंखा लांब नळकांड्यासारखा असून आडवा बसवलेला असतो. या रचनेचे पेटंट फ्रेंच अभियंता पॉल मॉर्तिए यांनी १८९३ मध्ये घेतले. विंडो एसीत बहुधा एकाच मोटरच्या एका टोकाला ब्लोअर आणि दुसऱ्या टोकाला बाहेरचा पंखा असतो, त्यामुळे मोटर थांबली की दोन्ही थांबतात.

ब्लोअर थांबला तरी कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, काही काळ चालू राहू शकतो. खोलीतल्या भागातील गार नळ्यांच्या जाळीवरून, म्हणजे कॉइलवरून, हवा न गेल्याने तिचे तापमान शून्याखाली जाते, हवेतील बाष्प गोठते आणि कॉइलवर बर्फ धरतो. हा बर्फ पाहून ‘गॅस कमी झालाय’ असे निदान होते आणि ग्राहकाचा पैसा फुकट जातो. गॅस खरोखर कमी असेल तर हवा येत राहते आणि बर्फ बहुधा कॉइलच्या एका टोकाकडून धरू लागतो. ब्लोअर बंद असेल तर तो सगळीकडे पसरतो. अशा वेळी एसी तत्काळ बंद करावा, कारण बाष्प न झालेला द्रव गॅस परत जाऊन कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो.

प्रत्येक थांबणे बिघाड नसते. ड्राय मोडमध्ये ब्लोअर मधूनमधून थांबतो. हीटिंग मोडमध्ये कॉइल गरम होईपर्यंत तो सुरू होत नाही.

तपासणीची सुरुवात मेन स्विच बंद करून ब्लोअर बोटाने फिरवण्यापासून होते. तो अडखळला तर दांड्याला आधार देणारे बुश किंवा बेअरिंग जॅम झालेले असते, अथवा साचलेल्या मळामुळे पाती घासत असतात. मोकळा फिरतो, पण वीज दिल्यावर मोटर नुसती गुणगुणते, असे असेल तर पहिला संशय मोटर फिरवायला मदत करणाऱ्या कॅपॅसिटरवर घ्यावा. साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) स्प्लिट एसीच्या ब्लोअरला साधारण १ ते २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. तो हळूहळू कमजोर होतो, म्हणून पूर्ण थांबण्याआधी काही दिवस हवा मंद येत असते. मोटरच्या मानाने तो अगदी स्वस्त भाग आहे. तो मीटरवर मोजल्याशिवाय मोटर बदलायला होकार देऊ नये.

मोटर काही सेकंद फिरून थांबते आणि एरर कोड दिसतो, तेव्हा वेग मोजणाऱ्या हॉल सेन्सरचा संकेत पीसीबीपर्यंत, म्हणजे एसीच्या सर्किट बोर्डापर्यंत, पोचत नसल्याची शक्यता मोठी. अर्धा तास चालून थांबणारी आणि गार झाल्यावर पुन्हा चालणारी मोटर आतल्या थर्मल कटआउटमुळे, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचमुळे, थांबत असते. मोटरपर्यंत वीजच येत नसेल तर दोष पीसीबीकडे किंवा वायरिंगकडे जातो. अनेक इन्व्हर्टर एसींत ब्लोअरची मोटर बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) असते आणि तिला वेगळा कॅपॅसिटर नसतो. तिला सुमारे ३०० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि स्विच बंद केल्यावरही पीसीबीवर काही वेळ विद्युतभार शिल्लक राहतो. हे काम जाणकार मेकॅनिकनेच करावे.

दुरुस्तीनंतर बर्फ आपोआप वितळू द्यावा. स्क्रूड्रायव्हरने तो खरवडला तर कॉइलच्या नळीला भोक पडते आणि मग खरोखरच गॅस भरावा लागतो.