तापीचा गाळ आणि गोव्याची प्रयोगशाळा

खान्देशातल्या कॉलेजांची सहल अजिंठा, तोरणमाळ नाहीतर पाटणादेवीला जाते. सागरविज्ञान म्हणजे कोकणवाल्यांचा विषय, असं आपण ठरवूनच टाकलंय. पण पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ तपासायचा तर तापीला वगळून चालत नाही.

मुलताईहून निघालेली तापी 724 किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. पुरात ती जे गढूळ पाणी नेते, त्यात आपल्या वावरातली काळी माती असते. बेसॉल्ट हा काळा खडक झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाचं खनिज भरपूर. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. वैशाखात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

कपाशीवाल्याला वैताग आणणारा हाच गुण गोव्यात दोना पावलाला गाळाची ओळख पटवायला कामी येतो. तिथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली सुरू झालेली. जहाजावरून वजन लावलेली पोकळ नळी सोडतात, ती तळाच्या चिखलात घुसते. वर आणून उभी चिरली की थर दिसतात. सहसा खालचे जुने, वरचे नवे. त्यातले 2 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण काचपट्टीवर वाळवून त्यांवर क्ष-किरण सोडतात. पापुद्र्यांमधलं अंतर 14-15 अँगस्ट्रॉम येतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). मग तीच पट्टी एथिलीन ग्लायकॉल या द्रवाच्या वाफेत ठेवायची. अंतर वाढून 17 च्या आसपास गेलं, की समजायचं: स्मेक्टाइट!

पश्चिम किनाऱ्यासमोर उत्तरेकडच्या गाळात ते भरपूर सापडतं. गोव्याच्या दक्षिणेला केओलिनाइट हे दुसरं चिकणमातीचं खनिज वाढतं, कारण तिकडचा खडक वेगळा. अर्थात सगळं श्रेय तापीमायचं नाही. नर्मदा आहे, कोकणातल्या नद्याही बेसॉल्टवरूनच येतात. शिवाय 1972 पासून बराच गाळ तापीवरच्या उकाई धरणातच बसतो.

भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला जाते. तिथंच राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेले दंडगोल, तिथं उणे 20 अंशांत जपतात. दोन्हीकडे आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी लागते. आणि सरांनो, एक दिवस तरी बीच सोडा.

जायच्या आधी एक प्रयोग वर्गातच करता येईल. दोन पेल्यांत चिमूटभर काळी माती ढवळा, एकात चमचाभर मीठ घाला. पाणी आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं हवं. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, खेळ बिघडतो. मिठाचा पेला लवकर निवळेल. मातीचे कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात. मिठामुळे तो जोर कमी पडतो, कण गुठळ्या होऊन खाली बसतात. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, तिथं गाळ साचण्यामागचं हे एक कारण.