वास्तवाचा आग्रह आणि खेळाची गंमत : कन्सोलच्या जगातील एका वादाची पार्श्वभूमी

कन्सोलवरील, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरील, खेळ खऱ्यासारखा दिसावा की कल्पनेत रमावा, हा वाद सुरुवातीच्या काळात फारसा झाला नाही, कारण निवड करण्याइतकी ताकदच यंत्रात नव्हती. १९७७ च्या अटारी २६०० या कन्सोलची रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, अवघी १२८ बाइटची होती. १९८१ मध्ये आर्केडच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्राच्या, पडद्यावर अवतरलेल्या मारिओ या पात्राला टोपी मिळाली, कारण मोजक्या पिक्सेलमध्ये केस नीट काढता येत नव्हते, आणि मिशी मिळाली ती नाक उठून दिसावे म्हणून. पुढे त्रिमित चित्रांचे युग आले तरी अडचण हेच कल्पनेचे भांडवल राहिले. १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या एका भयखेळात यंत्राला लांबचे दृश्य रेखाटता येत नव्हते, म्हणून गावभर धुके पसरवले गेले आणि खेळाडू नेमका त्या धुक्यालाच घाबरू लागला.

खरी ठिणगी पडली ती निन्टेंडो कंपनीच्या गेमक्यूब या कन्सोलच्या वेळी. ऑगस्ट २००० मध्ये जपानमधील एका प्रदर्शनात ‘झेल्डा’ मालिकेतील नायक आणि खलनायक यांच्या तलवारयुद्धाची छोटी चित्रफीत दाखवण्यात आली. ती केवळ यंत्राची क्षमता दाखवण्यासाठी असली, तरी चाहत्यांनी तिलाच पुढच्या भागाचे आश्वासन मानले. वर्षभराने त्याच प्रदर्शनात प्रत्यक्ष खेळाची झलक आली, तेव्हा पडद्यावर टपोऱ्या डोळ्यांचा, बुटका, व्यंगचित्रातून उतरलेला पोरगा धावत होता. छाया आणि प्रकाश सलग न मिसळता दोन-तीन ठळक टप्प्यांत रंगवण्याची ही पद्धत सेल-शेडिंग म्हणून ओळखली जाते. संतापलेल्या चाहत्यांनी खेळाच्या नावाची मोडतोड करून त्याला ‘सेल्डा’ म्हणायला सुरुवात केली. यंत्राला जमत नव्हते म्हणून व्यंगचित्र आले असते, तर कोणी रागावले नसते. जमत असूनही वास्तवदर्शी चित्र नाकारले गेले, हे लोकांना झोंबले.

हाच खेळ, म्हणजे जपानमध्ये डिसेंबर २००२ मध्ये आलेला ‘विंड वेकर’, हाती घेतल्यावर मात्र त्या टपोऱ्या डोळ्यांचा उपयोग कळतो. जवळपास काही महत्त्वाचे असले की नायकाची नजर आपोआप तिकडे वळते, त्यामुळे खेळाडूला बाणाची खूण किंवा लेखी सूचना लागत नाही. तरीही निर्मात्यांनी माघार घेतली. २००४ च्या अमेरिकेतील प्रदर्शनात गंभीर, वास्तवदर्शी वळणाच्या पुढील भागाची झलक दिसताच सभागृह जल्लोष करत उभे राहिले. २०१३ मध्ये जुना ‘विंड वेकर’ उच्च रिझोल्यूशनमध्ये पुन्हा आला, तेव्हा त्याची चित्रशैली बदलण्याची गरज कोणाला भासली नाही. त्याच काळातील कित्येक ‘खऱ्यासारखे’ चेहरे एव्हाना मेणाचे वाटू लागले होते.

या सगळ्या चर्चेत ‘वास्तव’ हा शब्द फार सैलपणे वापरला गेला. चित्रातील वास्तव, वस्तूंच्या हालचालीतील वास्तव आणि खेळाडूच्या शरीराला जाणवणारे वास्तव या तीन निराळ्या गोष्टी आहेत. २००६ च्या अखेरीस आलेल्या वी या कन्सोलने त्यांची फारकत स्पष्ट केली. त्यावरील टेनिसमध्ये पात्रांना बाहूच नव्हते, नुसते पंजे हवेत तरंगत. पण समोरचा माणूस रिमोट रॅकेटसारखा फिरवत होता. प्रतिस्पर्धी यंत्रे एचडी चित्राच्या मागे लागली असताना वी ४८० रेषांवरच थांबले, अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विकले गेले, आणि एकूण विक्री १० कोटींच्या पुढे गेली. याच काळात प्लेस्टेशन ३ ची महाग आवृत्ती ५९९ डॉलरची होती. अर्थात वीची खरेदी करणाऱ्या सगळ्यांनी कल्पनेच्या बाजूने कौल दिला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अनेकांना केवळ हात हलवून खेळण्याचे अप्रूप होते.

अलीकडच्या महागड्या कन्सोलांवर हा प्रश्न सेटिंग्जच्या यादीत येऊन बसला आहे. प्रकाशाचे खरेखुरे परावर्तन आणि बारीक तपशील हवे असतील, तर बऱ्याच खेळांत सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारी ३० चित्रे, स्वीकाराव्या लागतात. ६० फ्रेमचा चपळपणा हवा असेल, तर काही तपशील सोडावे लागतात. बटण दाबल्यावर उडी किती झटकन बसते, यावर ज्याची मजा अवलंबून आहे, तो बहुधा दुसरा पर्याय निवडतो.