इंकजेट कार्ट्रिज : भरणे आणि धुणे यांची पार्श्वभूमी

कार्ट्रिजमध्ये सिरिंजने शाई कशी भरतात हे बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले असते, त्यामुळे ती कृती येथे दिलेली नाही. भरलेले कार्ट्रिज नीट छापते की पानावर पांढऱ्या रेघा सोडते, हे पुष्कळदा भरण्याआधीच्या धुण्यावर अवलंबून असते. रिफिलच्या इतिहासातला सर्वांत गुंतागुंतीचा निवाडाही या धुण्यापाशीच येऊन अडला होता.

शाईचे थेंब उडवून आलेख काढण्याचे यंत्र युरोपात १९५० च्या दशकाच्या आरंभीच पेटंटबद्ध झाले होते. मात्र घरच्या छपाईची गोष्ट १९८४ पासून सुरू होते. त्या वर्षी आलेल्या थिंकजेट प्रिंटरची किंमत ४९५ डॉलर होती आणि त्याच्या कार्ट्रिजला अवघी १२ नोझल, म्हणजे थेंब बाहेर पडण्याची बारीक भोके होती. शाई क्षणभर तापवून तिच्यात बुडबुडा उठवायचा आणि त्याच्या रेट्याने थेंब बाहेर ढकलायचा, ही पद्धत हेडला, म्हणजे नोझल असलेल्या छापणाऱ्या भागाला, झिजवणारी होती. त्यावर उपाय म्हणून हेड कार्ट्रिजमध्येच बसवले गेले, म्हणजे शाई संपली की हेडही टाकून द्यावे आणि गिऱ्हाइकाला दुरुस्तीची वेळच येऊ नये. १९८८ च्या डेस्कजेटमध्ये नोझल ५० झाली, छपाई इंचाला ३०० ठिपक्यांवर गेली, पण योजना तीच राहिली. प्रत्यक्षात हे हेड एका भरणीपेक्षा बरेच जास्त टिकत होते, आणि घरगुती रिफिलचा जन्म या शिल्लक आयुष्यातून झाला.

शाई नोझलमधून आपोआप गळू नये यासाठी कार्ट्रिजच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राखावा लागतो. बऱ्याच कार्ट्रिजमध्ये हे काम स्पंज करतो. स्पंजच्या बारीक छिद्रांत शाई केशाकर्षणाने धरून ठेवली जाते आणि नोझल मागेल तेवढीच सुटते. रिकामे कार्ट्रिज महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिले की त्या छिद्रांत शाई वाळते, मध्ये हवा अडकते, आणि मग वरून कितीही शाई घातली तरी ती स्पंजच्या कडेकडेने उतरते. मधला भाग कोरडाच राहतो. बुडबुड्याच्या पद्धतीत वाहती शाई हेडमधल्या तापणाऱ्या भागाला थंडही ठेवते, म्हणून कोरड्या हेडने छापत राहिल्यास तो भाग जळतो आणि त्यानंतर धुण्याचा काहीही उपयोग होत नाही.

धुण्याची शक्यता शाईच्या जातीवरही ठरते. रंगीत कार्ट्रिजमध्ये सहसा पाण्यात विरघळणारी डाय शाई असते. ती वाळली तरी कोमट पाण्याने सुटते. अनेक काळ्या कार्ट्रिजमध्ये मात्र पिगमेंट म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण असतात, आणि ते एकदा घट्ट बसले की पाणी पुरे पडत नाही. पाणीही साधे चालत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नोझलमध्ये साचतात, म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणून वापरण्याची आपल्याकडची रीत योग्यच आहे. तिरंगी कार्ट्रिज धुताना तिन्ही कप्प्यांत काडी घालून कोणता रंग कोठे आहे ते आधी पाहावे लागते, कारण चुकीच्या कप्प्यात रंग गेला तर तो स्पंजमधून पूर्ण काढणे फार कष्टाचे असते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस कार्ट्रिजवर चिप येऊ लागली. शाई किती उरली याचा हिशेब ठेवणे हे तिचे सांगितलेले काम होते. पण कार्ट्रिज पुन्हा भरले तरी चिप त्याला रिकामेच म्हणत राहिली. युरोपीय संघाने २००३ च्या जानेवारीत ई-कचऱ्याविषयीच्या निर्देशात पुनर्वापर अडवणाऱ्या रचनेविरुद्ध कलम घातले, मात्र सुरक्षा किंवा पर्यावरणाच्या कारणासाठी अपवादाची वाटही ठेवली. तिकडे चिप रिसेट करणारी छोटी उपकरणे बाजारात आली आणि हा लपंडाव पुढे चालूच राहिला.

आरंभी उल्लेखलेला निवाडा जपानमधला, आणि तो खटला याच काळातला आहे. तिथल्या एका मोठ्या प्रिंटर कंपनीच्या कार्ट्रिजमध्ये हेड नव्हते. नुसती शाईची टाकी होती. टाकीचे दोन भाग होते. एकात मोकळी शाई होती, तर दुसऱ्यात शाई धरणारे दोन पदार्थ एकमेकांवर दाबून बसवले होते. हे दोन थर जिथे एकमेकांना भिडतात, तिथे केशाकर्षण सर्वांत जास्त राहील अशी ती रचना होती. शाई या सीमेच्या वरपर्यंत भरलेली असली की टाकी कशीही धरली तरी सीमा ओली राहते, हवा पलीकडे जात नाही आणि सील फाडताना शाई सांडत नाही. पेटंट याच योजनेवर होते. वापरून झालेल्या टाक्यांना मकाऊमध्ये वरून भोक पाडून, आतून धुऊन, शाई भरून, भोक बुजवून दुसऱ्या एका कंपनीने त्या जपानमध्ये विकायला आणल्या.

टोकियोच्या पहिल्या न्यायालयाने २००४ मध्ये ही दुरुस्ती मानली आणि पेटंटधारक कंपनीचा दावा फेटाळला. जानेवारी २००६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल उलटवला, आणि ८ नोव्हेंबर २००७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उलटवलेला निकाल कायम केला. एकदा विकलेल्या वस्तूवर पेटंटधारकाचा हक्क उरत नाही हे न्यायालयालाही मान्य होते, पण ही वस्तू आता 'नव्याने निर्माण केलेली' आहे, असे त्याने ठरवले. त्याची कारणे वाचण्यासारखी आहेत. टाकीला भरण्यासाठी तोंडच नव्हते, म्हणून भोक पाडणे हा मूळ वस्तूत केलेला बदल ठरला. शिवाय प्रिंटरमधून काढलेल्या टाकीत आठ-दहा दिवसांत शाई त्या सीमेवर वाळून चिकटते, त्यामुळे पेटंटचा गाभाच निकामी होतो. धुऊन आणि सीमेच्या वरपर्यंत भरून तो गाभा पुन्हा जिवंत केला गेला, असे न्यायालय म्हणाले.

हा तर्क बिनतोड वाटतो, पण त्यामुळे पदार्थ न बदलता केवळ साफ करण्याला निर्मितीचा दर्जा मिळाला. कल्हई केल्याने पितळी भांडे नवे होत नाही. कळकणारे भांडे फक्त पुन्हा वापरण्याजोगे होते. पाण्याने धुतलेल्या स्पंजाला त्याहून वरचा मान का द्यावा, हे निकालातून पटत नाही. भोक पाडण्याच्या मुद्द्यालाही मर्यादा आहेत. जर्मनीतल्या हौशी मंडळींमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत टाकीला भोक पाडतच नाहीत. शाई बाहेर पडण्याच्या तोंडातूनच लांब सुई आरपार मोकळ्या भागापर्यंत नेतात. निकालाचा पहिला आधार तिथे लागूच पडत नाही. दुसरा, म्हणजे धुण्याचा, तेवढा उरतो. घरी स्वतःपुरते भरणाऱ्याला मात्र या निकालाने काहीच झाले नाही, कारण जपानचा पेटंट कायदा व्यवसाय म्हणून केलेल्या वापरालाच लागू होतो.

अमेरिकेत वारा उलट दिशेने वाहिला. लेझर प्रिंटरच्या टोनर (भुकटी शाईच्या) कार्ट्रिजच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये सांगितले की वस्तू देशात विकलेली असो वा परदेशात, विक्रीबरोबर पेटंटहक्क संपतो, विक्रेत्याने करारात काहीही लिहिले असले तरी. तोवर अडवणुकीचे हत्यार बदलले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये एका कंपनीच्या अनेक प्रिंटरनी दुसऱ्यांची चिप असलेली कार्ट्रिज एकाएकी नाकारली. ही करामत प्रिंटरमधल्या फर्मवेअरची, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची होती आणि तिथे पेटंटचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

बाटलीतून शाई ओतायचे टाकीवाले प्रिंटर २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात आले, कारण तिथे बाहेरून नळ्या जोडून शाई पुरवण्याची जुळवाजुळव आधीच सर्रास चालत होती. पुढे ते भारतातही रुळले आणि कार्ट्रिज भरून देणाऱ्या दुकानांचे काम कमी झाले. भरणे सोपे झाले, धुणे यंत्राच्या पोटात गेले. 'हेड क्लीनिंग'ची आज्ञा दिली की प्रिंटर नोझलमधून शाई ओढून तळाच्या शोषक पॅडमध्ये टाकतो आणि किती टाकली ते मोजत राहतो. मोजणी ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की टाकी काठोकाठ भरलेली असली तरी छपाई थांबते. काही नव्या मॉडेलांत हे पॅड एका बदलता येण्याजोग्या डब्यात दिलेले असते, आणि त्या डब्यावरही चिप असते.