गुळाचा भाव आणि मेंदूतलं मोल

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले की व्यापारी रव्यापाशी, म्हणजे गुळाच्या ढेपेपाशी थांबतो, रंग बघतो, नखानं खरवडून कणी पाहतो, चिमूटभर जिभेवर ठेवतो आणि क्विंटलमागे एक आकडा बोलतो. रंग, कणी, गोडी, मालाचं प्रमाण यांची एकमेकांशी बेरीज होऊ शकत नाही, तरी काही क्षणांत त्यांचा एकच आकडा होतो. असा आकडा मेंदूत खरोखर तयार होतो, की माणसाचं वागणं पाहून आपण तो बाहेरून लावतो, हा प्रश्न मेंदू निवड कशी करतो या विषयाचा गेल्या पंचवीस वर्षांतला गाभा आहे.

त्याआधीचा इतिहास लांबचा, पण थोडक्यात सांगता येतो. 1738 मध्ये एका गणितज्ञानं मांडलं की तेवढ्याच पैशाचं मोल गरिबाला जास्त आणि श्रीमंताला कमी असतं. त्यातून पुढं बारावीच्या पुस्तकात भेटणारी उपयोगिता, म्हणजे वस्तूतून मिळणाऱ्या समाधानाचं माप, आली. 1938 मध्ये अर्थशास्त्रानं एक निर्णायक वळण घेतलं: डोक्यात काय चालतं ते सोडा, माणूस काय निवडतो तेवढंच बघा. 1944 मध्ये त्याला नियमांची भक्कम चौकट मिळाली. ग्राहक जणू उपयोगिता मोजून निवड करतो, एवढंच म्हणायचं. खरोखर मोजतो का, हे विचारायचं नाही. या 'जणू'नं गणित फार सुंदर झालं, पण एक खरा प्रश्न अर्धं शतक बाजूला पडला, असं मला मनापासून वाटतं.

हा प्रश्न पुन्हा उघडला तो प्राण्यांच्या चेतापेशींची नोंद घेणाऱ्या प्रयोगशाळांनी. आणि तिथं पहिली अडचण आली ती शब्दाचीच.

आपल्याकडं भाव, किंमत, मोल, मूल्य असे चार शब्द आहेत आणि बोलताना आपण ते सहज अदलाबदल करून वापरतो. वडगावच्या जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, बोटं दाबतो तो भाव. सौदा तुटतो ती किंमत. पण घेणाऱ्यानं मनाशी धरलेली मर्यादा, ज्याच्या वर गेला तर तो हात काढून घेईल, ती त्या बोटांतही नसते. मेंदूविज्ञान ज्याला मूल्य म्हणतं ते हे तिसरं. ते वस्तूत नसतं, चिठ्ठीवर नसतं. त्या माणसाचं, त्या घटकेचं असतं. पोट भरलं की तेच जेवण मोलानं उतरतं.

1999 मध्ये माकडांच्या मेंदूच्या मागच्या-वरच्या (पार्श्विका) भागात अशा पेशी दिसल्या की रस जास्त मिळणार असेल किंवा मिळण्याची शक्यता जास्त असेल तर त्या जोरात स्पंदन पावतात, म्हणजे विद्युत संदेश भराभर सोडतात. त्याला मूल्य म्हटलं गेलं. आक्षेप रास्त होता: मोलाच्या गोष्टीकडं लक्षही जास्त जातं, नजरही तिकडं वळायला तयार होते. मग पेशी मोल सांगते की लक्ष? बक्षीस एकटं ठेवलं तर दोन्ही एकत्रच वाढतात, फरक कळणार कसा? 2004 मध्ये एका प्रयोगानं बक्षिसाबरोबर शिक्षेची भीतीही ठेवली. मोठं बक्षीस आणि मोठी शिक्षा, दोन्हींनी सावधपणा वाढतो. मोल मात्र एकानं वाढतं, दुसऱ्यानं घटतं. हालचालीची तयारी करणाऱ्या भागातल्या पेशी दोन्ही वेळा जोरात चालल्या. डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या, कपाळामागच्या भागातल्या पेशींनी मात्र मोलाचा माग धरला. गुंता पहिल्यांदा सुटला तो इथं.

2006 चा प्रयोग याच भागावरचा, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा. माकडासमोर पडद्यावर रंगीत चौकोन. रंग म्हणजे पेय कोणतं, चौकोनांची संख्या म्हणजे किती थेंब. माकड नजर वळवून निवडतं. समजा आवडत्या पेयाचा एक आणि दुसऱ्याचे चार थेंब ठेवल्यावर ते दोन्हीकडं सारखंच वळतं. मग एकास चार हा त्याचा भाव ठरला. काही पेशी समोर ठेवलेल्या एका पेयाचं मोल दाखवत होत्या, काही फक्त निवडलेल्या पेयाची चव. आणि काही निवडलेल्याचं मोल, मग तो आवडत्याचा एक थेंब असो वा दुसऱ्याचे चार, स्पंदन सारखंच. चौकोन डावीकडं की उजवीकडं, यानं फरक पडत नव्हता. 'जणू' शब्दाची गरज इथं संपते. 2007 मध्ये भुकेल्या माणसांना खाऊवर बोली लावायला सांगून एमआरआयमध्ये पाहिलं, तेव्हा याच भागाची हालचाल त्यांच्या बोलीबरोबर वरखाली होत होती.

हे मोल ठाम असतं की शेजारच्या वस्तूवर ठरतं? 1999 चाच एक वेगळा प्रयोग सांगत होता की सोबत काय ठेवलंय त्यावर पेशीचा प्रतिसाद बदलतो. 2008 चा म्हणत होता, पर्याय बदलला तरी तेच पेय तसंच मोजलं जातं. 2009 मध्ये मधला मार्ग दिसला: त्या दिवशी समोर येणाऱ्या मोलांचा पल्ला जेवढा मोठा, तेवढी पेशीची पट्टी लांब ताणली जाते, म्हणून तेवढ्याच फरकाला ती कमी प्रतिसाद देते. गुजरीत दागिना घेताना शंभर रुपये सोडणारा माणूस कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या पेंडीमागं पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, ते इथं आठवतंच. पेशीपासून मंडईपर्यंतची वाट सरळ आहे असा दावा मात्र करता येत नाही.

राहिला मुद्दा कारणाचा. पेशी मोल दाखवते म्हणजे निवड तीच घडवते असं नाही. 2017 मध्ये उंदरांच्या मोठ्या जातीत कपाळामागचा हा भाग बंद केला तरी निवड बदलली नाही, आणि सगळी मांडणी डळमळली. 2020 मध्ये लहान उंदरांत तोच भाग बंद केल्यावर निवड बिघडली. त्याच वर्षी माकडांत हलका विद्युतप्रवाह देऊन निवड एका बाजूला झुकवता आली. माझा कल या शेवटच्या पुराव्याकडं आहे, कारण त्यात भाग नुसता बंद केलेला नाही, पारडं हलवून दाखवलं आहे. पण 2020 मध्येच मोठ्या उंदरांवरच्या कामातून आणखी एक धागा आला: हा भाग नव्या निवडीच्या वेळी लागतो, ती अंगवळणी पडल्यावर नाही. म्हणजे हंगामामागून हंगाम रवे पाहिलेल्या व्यापाऱ्याचा आकडा आणि पहिल्यांदा सौद्याला उभ्या राहिलेल्या त्याच्या मुलाचा आकडा मेंदूत एकाच जागी तयार होतो का, हा प्रश्न आता समोर आहे.