होर्हे बोलेत ‘साठीत सापडला’ हे खरं नाही

पियानोच्या गप्पांमध्ये एक गोष्ट हमखास निघते: क्यूबाचा पियानोवादक होर्हे बोलेत साठीपर्यंत कुणाला ठाऊकच नव्हता, १९७४ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं आणि एका रात्रीत नाव झालं, थकल्यावर मग शिकवायला लागला. ऐकायला झकास, पण क्रम सगळा उलटापालटा.

१९१४ साली हवानात जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत दाखल झाला. तिथे त्याचे गुरू डेव्हिड सॅपर्टन, म्हणजे नामवंत पियानोवादक गोदोव्स्कीचे जावई. १९३७ मध्ये त्याने नाउमबर्ग ही अमेरिकेतली मानाची संगीत स्पर्धा जिंकली. १९६० साली संगीतकार-पियानोवादक लिस्टच्या जीवनावर हॉलिवूडचा चित्रपट आला, त्यात पडद्यावर डर्क बोगार्ड दिसतो, पियानो मात्र ऐकू येतो तो बोलेतचा. हा माणूस अज्ञात कसा?

हो, समीक्षक बरीच वर्षं त्याला नुसता ‘बोटांचा कसबी’ समजत राहिले, तेवढं खरं.

आणि शिकवणं? १९६८ पासून तो इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक होता. म्हणजे २५ फेब्रुवारी १९७४ ला बाखची बुसोनीने पियानोसाठी बसवलेली ‘शाकोन’ ही रचना, शोपँचे चोवीसच्या चोवीस प्रेल्यूड (छोट्या रचना) आणि वर लिस्टने पियानोसाठी उतरवलेलं वाग्नरच्या ‘टानहॉयझर’ ऑपेराचं दमछाक करणारं ओव्हर्चर (सुरुवातीचं संगीत) वाजवणारे हात नोकरीतल्या मास्तराचे होते. पुढे १९७७ मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सेर्किननंतर कर्टिसच्या पियानो विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली. मैफली त्यानंतरही चालूच होत्या.