चिंतेची प्रत्येक गोळी सवय लावत नाही
'डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत' हा समज घराघरांत आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंता झटपट शमवणाऱ्या गोळ्यांबाबत तो बराचसा खरा आहे. धडधड लगेच शमते, पण रोज घेतल्यास काही आठवड्यांत सवय लागू शकते. एस्सिटालोप्राम या चिंता आणि नैराश्य दोन्हींवर देतात त्या गोळीचं तसं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, तलफ येत नाही. अचानक बंद केल्यास मात्र चक्कर, बेचैनी जाणवते, म्हणून डोस हळूहळू उतरवतात.

बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (अति उत्साह) असा आजार असेल तर शेजाऱ्याची चिठ्ठी मुळीच वापरू नका. एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची गोळी नुसती घेतली तर ती उन्मादात ढकलू शकते. त्यामुळे डॉक्टर बहुधा आधी लिथियम किंवा क्वेटियापिनने मूड स्थिर करतात. पूर्वी कधी झोपेविना भलत्याच उत्साहात दिवस काढले असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा.